रानतणे आणि रोगजंतू



आजच्या व्याख्यानाची पत्रिका हाती पडल्यावर एका परिचित गृहस्थांनी आम्हांस वाटेत थांबवून विचारले, "सर, विषय 'ताण' आहे ना? मुद्रकाने काना खाल्लेला दिसतो." मुद्रकाची काही चूक नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. ताणावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तणावरच बोलावयाचे आहे. यावर ते गृहस्थ म्हणाले, "आज सकाळीच वाडीत तण काढायला दोन बायका लावल्या. उपटून फेकायच्या वस्तूवर तुम्ही तासभर बोलणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देता देता आजचा तास सरेल अशी आमची अपेक्षा आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही 'आम्ही' म्हणतो तो केवळ व्यासपीठावरचा शिष्टाचार नव्हे. दोघे शिक्षक आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातील पाच-सहा मुलेमुली, एवढा आमचा मेळा. वसईच्या वाड्यांच्या बांधावर, विरारला जीवदानीच्या पायथ्याशी, आणि पूर्वेकडे तुंगारेश्वरच्या वाटेवर जी तणे उगवतात, त्यांच्या अंगी रोगजंतूंना रोखण्याची शक्ती आहे काय, हे पाहण्याचा आम्ही अल्पसा प्रयत्न केला. काही जगावेगळे हाती लागले आहे, असा आमचा दावा नाही. परंतु या उद्योगात जे शिकलो, ते तुम्हांपुढे मांडावेसे वाटते. कारण त्यातले काही तुमच्या-आमच्या जिवाशी निगडित आहे.

प्रथम तण म्हणजे काय ते पाहू. वनस्पतिशास्त्रात तण नावाचे कुळ नाही. आपण न पेरता जे उगवते आणि आपण पेरलेल्याच्या तोंडचा घास घेते, त्याला आपण तण म्हणतो. म्हणजे हा वनस्पतीचा गुण नसून आपल्या गरजेने तिला दिलेले नाव आहे. केळीच्या बागेतून जो टाकळा उपटून बांधावर फेकला जातो, त्याचीच कोवळी जुडी पावसाळ्याच्या आरंभी पूर्वपट्टीच्या आदिवासी भगिनी स्टेशनाबाहेर घेऊन बसतात, आणि आपण ती पैसे मोजून घरी आणतो. तेथे तो टाकळा तण नसतो, भाजी असते. आघाड्याचेही तसेच. वर्षभर धोतर-साडीला चिकटणारे ते काटेरी तण श्रावणात पूजेच्या पत्रीत मानाने जाऊन बसते.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. ज्या तणांना आपण पिढीजात औषधी मानतो, त्यांतील कित्येक मूळची आपली नव्हेतच. पायवाटेच्या कडेला लांब दांडीवर एकच पिवळट पांढरे फूल डोलत असते, ती एकदांडी. कोणी तिला दगडी पाला म्हणतात. विळ्याने बोट कापले की तिचा पाला चोळून रस पिळावयाचा, हे वाडीतल्या लहान मुलासही ठाऊक असते. ही एकदांडी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिका या भागातली. पिवळा धोत्राही मेक्सिकोचा. घाणेरी अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली गेली, आणि आज तिने डोंगरच्या डोंगर व्यापले आहेत. रानमोडीदेखील अमेरिकेचीच. गाजर गवत तर अगदी अलीकडचे. पुण्यात ते १९५५ साली प्रथम ठळकपणे नजरेस आले, आणि परदेशी गव्हाबरोबर आले असे सांगतात.

याचा अर्थ काय? एकदांडीचा उल्लेख चरक-सुश्रुतांत असणे शक्य नाही. कोलंबसाच्या आधी ती या भूमीवर नव्हतीच. तरीही आपल्या आजीच्या आजीला तिचा उपयोग ठाऊक होता. म्हणजे मध्यंतरी कोणीतरी, बहुधा वाडीत राबणाऱ्या एखाद्या बाईने, हे परके रोप पाहिले, चुरगळले, हुंगले, जखमेवर लावून पाहिले, आणि शेजारणीला सांगितले. ही परंपरा आकाशातून पडलेली नाही. ती प्रयोगातून आली आहे, फक्त त्या प्रयोगाची वही कोणी ठेवली नाही. तेव्हा आजीबाईच्या बटव्याची परीक्षा घेणे हा आजीबाईचा अपमान मुळीच नव्हे. तिनेच आरंभलेले काम पुढे नेणे आहे.

वसईच्या भूमीला या गोष्टींचे तसे वावडे नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत हा प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्याच काळात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास होता. येथील वनस्पती व औषधे यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबईचे बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि वसईचा परिसरही त्याच्या परिचयाचा होता. येथील वैद्यांना विचारावे, स्वतः डोळ्यांनी पाहावे, आणि जुन्या ग्रंथांतले पटले नाही तर तसे स्पष्ट म्हणावे, ही त्याची रीत होती. साडेचारशे वर्षांनंतरही याहून चांगली रीत सांगता येणार नाही.

आता, औषधांची दुकाने कोपऱ्या-कोपऱ्यावर असताना आजच हा उद्योग कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण गंभीर आहे.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात ते औषध सैनिकांपर्यंत पोचले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ते दिवस चमत्काराचे म्हणून येत. न्यूमोनियाने गेलाच म्हणून ज्याची आशा सोडली, तो आठवड्यात उठून बसे.

परंतु खुद्द फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना बजावले होते की, हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते औषधाला सरावतील. तो इशारा आपण ऐकला नाही. सर्दी झाली की दुकानातून दोन गोळ्या घ्यावयाच्या, बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवावयाच्या, आणि पुढल्या खेपेस शेजाऱ्याला द्यावयाच्या, हा आपला घरगुती व्यवहार. सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही, हे कोण लक्षात घेतो? परिणाम असा की, २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीवर अधिक कडक नियम लागू झाले, आणि २०१६ साली औषधाच्या पाकिटावरील लाल रेघेची मोहीम निघाली. ती रेघ म्हणजे, वैद्याच्या चिठ्ठीवाचून हे घेऊ नका. घरी गेल्यावर औषधाचा डबा उघडून ती रेघ एकदा पाहावी, अशी आमची विनंती आहे.

जुनी शस्त्रे बोथट होऊ लागली की माणूस नवी शोधतो. म्हणून जगभर मातीत, समुद्रात आणि झाडपाल्यात शोध चालू आहे. आमची मुले वाडीच्या बांधावर गेली ती याच ओढीने.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पहिली पायरी म्हणजे झाड ओळखणे, आणि हीच सर्वांत कठीण. एका नावाची चार झाडे आणि एका झाडाची चार नावे, ही आपल्याकडची रीत. 'ब्राह्मी' म्हटले तर एक जण एक रोप दाखवील, दुसरा भलतेच. म्हणून फूल, फळ, पान, मूळ यांसह नमुना दाबून वाळवावयाचा, कोठे व केव्हा मिळाला ते लिहावयाचे, आणि थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाशी पडताळून पाहावयाचा. शंका राहिलीच तर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहासारखे मोठे संग्रह आहेत. नाव चुकले की पुढचे सारे काम पाण्यात जाते.

मग पाला धुवावयाचा, सावलीत वाळवावयाचा, कुटावयाचा, आणि पाण्यात किंवा अल्कोहोलात भिजत घालावयाचा. पाण्यात उतरणारे द्रव्य वेगळे, अल्कोहोलात उतरणारे वेगळे. आजी पाला नुसता चोळते, वैद्य काढा करतो, प्रयोगशाळा अल्कोहोल वापरते. एकाच झाडातून तिघांच्या हाती तीन निरनिराळ्या वस्तू येतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जंतू वाढवावयाचे ते पेट्रीच्या बशीत, अगरवर. अगर म्हणजे समुद्रशेवाळापासून काढलेली खळ. १८८० नंतरच्या काळात रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरीत, आणि ते उन्हाळ्यात वितळून जाई. तेथील एका सहकाऱ्याच्या पत्नी, फानी हेसे, स्वयंपाकघरात मुरंबे-जेलीसाठी अगर वापरीत. त्यांनी ते सुचवले, आणि जंतुशास्त्राचा पाया पक्का झाला. शास्त्राचे स्वयंपाकघराशी नाते आहे ते असे.

या अगरवर ठरावीक प्रमाणात जंतू पसरावयाचे, त्यावर ६ मिलिमीटर व्यासाची कागदी चकती पाल्याच्या अर्काने भिजवून ठेवावयाची, आणि बशी सुमारे ३५ अंश उष्णतेत रात्रभर ठेवावयाची. सकाळी बशीभर जंतूंची साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ वलय दिसते. ही पद्धत १९६६ साली बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाणित केली, आणि आजही इस्पितळांतून औषधांची परीक्षा याच रीतीने होते. काम झाल्यावर त्या बशा १२१ अंश वाफेत दाबाखाली शिजवून मगच टाकावयाच्या. हा खेळ घरी करण्याचा नाही, हे येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो.

आता आमची फजिती ऐका. पहिल्या खेपेस सकाळी बशा उघडल्या, तो प्रत्येक चकतीभोवती वलय! एकदांडीला वलय, टाकळ्याला वलय, आघाड्याला वलय, घाणेरीला वलय. मुले आनंदाने नाचू लागली. एकाने वर्तमानपत्राला द्यावयाचा मथळादेखील जुळवला. आम्ही दोघे शिक्षकही, खरे सांगावयाचे तर, मनातून हुरळलो होतो. तेवढ्यात एक मुलगी, जी फारशी बोलत नसे, हळूच म्हणाली, "सर, सगळी वलयं सारखीच कशी?"

त्या प्रश्नाने आम्ही जमिनीवर आलो. तिने दुसऱ्या दिवशी एक चकती पाल्याविना, नुसत्या अल्कोहोलात बुडवून ठेवली. तिच्याभोवतीही तसेच वलय! घाईत चकत्या पुरत्या वाळवल्याच नव्हत्या. जंतू रोखले होते ते अल्कोहोलाने, पाल्याने नव्हे. कोरी चकती प्रथमच ठेवणे, हा प्रत्येक पाठ्यपुस्तकातला पहिला नियम. तो आम्ही दोघे वर्षानुवर्षे शिकवीत आलो आणि नेमका तेव्हाच विसरलो. चूक विद्यार्थ्यांची नव्हती, आमची होती. त्या मुलीने आम्हांस जे शिकवले ते कोणत्याही पाल्याच्या गुणाहून मोलाचे आहे. जे आपणांस हवेहवेसे वाटते, तेच दोनदा तपासावे.

पुन्हा सारे नीट केले. या खेपेस पुष्कळ वलये नाहीशी झाली. काही उरली, तीही लहान. आणि ती मुख्यतः जखमा पिकवणाऱ्या, द्राक्षाच्या घोसासारख्या दिसणाऱ्या जंतूच्या बशीत. आतड्यात राहणाऱ्या कोलाय जंतूच्या बशीत जवळजवळ काहीच नाही. शेजारी ठेवलेल्या प्रतिजैविकाच्या चकतीभोवती मात्र ठसठशीत मोठे वलय होते.

हे असे का, याचे उत्तर शास्त्राजवळ आहे. १८८४ साली हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी रंग देऊन जंतूंचे दोन गट पाडले. त्यांतील कोलायसारख्या जंतूंना भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते, आणि आत शिरलेले परके द्रव्य बाहेर फेकणारे पंपही असतात. वनस्पतींतील पुष्कळशी द्रव्ये या तटबंदीपुढे हतबल होतात. मग झाडे स्वतः जंतूंपासून आपले रक्षण कसे करतात? यावर २००० साली अमेरिकेत एक सुंदर उलगडा झाला. दारुहळदीच्या कुळातील झाडांत बर्बेरीन हे जंतुरोधक द्रव्य असते, पण जखमेच्या जंतूचा पंप ते बाहेर फेकून देतो. त्याच झाडात दुसरे एक द्रव्य सापडले. ते स्वतः जंतूला मारत नाही, फक्त तो पंप बंद पाडते. एकाने दार अडवावयाचे आणि दुसऱ्याने वार करावयाचा, अशी ही जोडी आहे. अर्कातून एकच द्रव्य वेगळे काढले की गुण कधी कधी नाहीसा होतो, तो यामुळेही.

वलयाच्या आकारावरही भुलू नये. तेलकट द्रव्य अगरमध्ये पसरतच नाही, म्हणून गुणी असूनही वलय लहान येते. उलट तुरट पाल्यातील टॅनिने प्रथिनांना गोठवतात आणि खोटी आशा दाखवतात. म्हणून पुढे मोजमाप करावे लागते. संवेदनशील जंतूला थोपवण्यास एका मिलिलिटरमध्ये पेनिसिलिन ०.१२ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरते. पाल्याचा अर्क १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम करीत असेल तर जाणकार त्याची दखल घेतात. १००० च्या वर लागत असेल तर फारसे विचारीत नाहीत. आणि प्रसिद्ध होणारे बहुसंख्य निष्कर्ष या दुसऱ्या वर्गात मोडतात. ऑक्सफर्ड येथे १९४३ साली ऑस्बर्न यांनी सुमारे २३०० वनस्पतींची अशी परीक्षा केली होती. कित्येकींत गुण आढळला. तरीही आज इस्पितळात टोचली जाणारी प्रतिजैविके पाहिली तर ती बुरशीतून, मातीतल्या सूक्ष्मजीवांतून, किंवा रसायनशाळेतून आलेली दिसतात, झाडपाल्यातून नव्हे.

हे सांगताना आम्हांस आनंद होत नाही. पण खरे ते सांगितले पाहिजे, कारण खोट्या आशेची किंमत कोणीतरी जिवाने मोजतो.

आमच्या लहानपणी आमच्या आळीतील एका तरुणाच्या पायात गंजका खिळा गेला. घरच्यांनी पाला ठेचून बांधला. रक्त थांबले, जखम वरून भरूनही आली. आठवड्याभराने त्याचा जबडा आवळला, पाठ धनुष्यासारखी वाकली, आणि तो गेला. धनुर्वात. त्या वेळी आम्हांस काही कळले नाही. आज कळते. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात राहतो, आणि जेथे हवा पोचत नाही अशा खोल जखमेत वाढतो. आमच्या बशा उघड्या हवेत ठेवलेल्या असतात. त्यात हा जंतू वाढतच नाही. म्हणजे जो पाला बशीत जिंकतो, तोच पाला शेणखताच्या वाडीतून न धुता आणला तर धनुर्वाताचे बीज जखमेत नेऊ शकतो, आणि आमची बशी त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. २०१५ साली माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ते लसीने आणि स्वच्छ बाळंतपणाने साधले, पाल्याने नव्हे.

याच कामात एका वाडीत तण काढणाऱ्या मावशी भेटल्या. कोयत्याने कापलेल्या बोटावर त्यांनी एकदांडी लावली होती. आमच्या विद्यार्थिनीने त्यांना बशीची सारी हकिकत सांगितली, वलय लहान येते तेही सांगितले. मावशी शांतपणे ऐकून म्हणाल्या, "बाय, तुझ्या बशीला बोट असतं नि ते कापलं असतं, म्हणजे कळलं असतं."

आम्ही हसलो, पण मागाहून विचार केला तेव्हा मावशींचे म्हणणे खोडता येईना. पाल्याचा उपयोग केवळ जंतू मारण्याचाच असतो असे कोणी सांगितले? रक्त थांबवणे, जखमेच्या कडा लवकर सांधणे, हेही गुण असू शकतात. एकदांडीचा जखम भरण्यावर काय परिणाम होतो, याचे प्रयोग आपल्या देशात १९८० नंतरच्या दशकात उंदरांवर झालेले आहेत. रानमोडीच्या पाल्याचे मलम व्हिएतनाममध्ये जखमांवर वापरले गेले आहे. आम्ही बशीला एक प्रश्न विचारला, आणि तिने त्या एकाच प्रश्नाचे उत्तर दिले. मावशींचा प्रश्न वेगळाच होता. मात्र त्याच दिवशी आमच्या विद्यार्थिनीने त्यांना दवाखान्यात नेऊन धनुर्वाताची लस टोचवली. मावशी गेल्या, पण एका अटीवर: "डॉक्टरनं माझ्या पाल्याला नावं ठेवायची नाहीत."

भगिनी-बंधूंनो, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेच आम्हांस सांगावयाचे आहे. निसर्गातले आहे म्हणून निर्धोक आहे, ही समजूत सोडली पाहिजे. पिवळ्या धोत्र्याच्या अर्काला बशीत वलय येते, पण त्याच्याच बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले तेव्हा १९९८ साली दिल्लीत सूज येऊन कित्येक माणसे दगावली. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ सुजून दृष्टी अंधूक होते. गाजर गवताने अंगावर फोड येतात. जे द्रव्य जंतूला मारते, ते आपल्या पेशींना मारणार नाही असा करार कोणी लिहून दिलेला नाही.

उलट, झाडपाल्यात काही नाही असे म्हणणेही तितकेच चुकीचे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उपयोग रक्तदाबावर करून आपली निरीक्षणे १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडली, आणि एक देशी मुळी जगाच्या औषधांत जाऊन बसली. चीनमध्ये तू यूयू यांनी जुन्या वैद्यकग्रंथाचा आधार घेऊन, अर्क उष्णतेने न काढता थंडपणे काढला, आणि हिवतापावरचे औषध मिळवले. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांच्याही कामात ऐकीव माहिती होती आणि कसोटीही होती. नुसत्या ऐकीव माहितीवर दोघेही थांबले नाहीत.

आता शेवटचे, आणि आमच्या मनाला सर्वांत लागून राहिलेले. तणे मरत नाहीत अशी आपली समजूत असते. परंतु गेल्या काही वर्षांत वसई-विरारच्या वाड्या भराव घालून बुजत आहेत, विहिरी बुजत आहेत, उरलेल्या बांधावर तणनाशक मारले जाते. उद्या घाणेरी आणि गाजर गवत राहील, कारण ती दांडगी आहेत. नाजूक तणे जातील. त्यांच्याही आधी त्यांची नावे जातील. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना पंचवीस मोटारींची नावे सांगता आली, पण दाराशी उगवलेल्या पाच रोपांची सांगता आली नाहीत. कुपारी, वाडवळ, कोळी, वारली, प्रत्येकाच्या बोलीत या रोपांना आपापली नावे आहेत, आणि ती सांगणारी तोंडे दरवर्षी कमी होत आहेत.

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली एकस्व दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक परिषदेने त्याला आव्हान दिले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. ते कशाच्या बळावर? आपल्याकडे लेखी पुरावा होता म्हणून. टाकळ्याचा, आघाड्याचा, एकदांडीचा वसईच्या वाडीतला उपयोग कोठे लिहिला आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला आपल्या भागातील वनस्पती व त्यांविषयीचे लोकज्ञान यांची नोंदवही करण्याची जबाबदारी दिलेली आहे. ती वही कचेरीत बसून भरता येत नाही. ती तुमच्या ओटीवर, तुमच्या आजीजवळ बसूनच भरावी लागेल.

म्हणून तीन विनंत्या करून आम्ही रजा घेतो. जखम झाली तर प्रथम साबण-पाण्याने धुवा, लस घ्या, आणि ती लाल दिसू लागली, ठणकू लागली, ताप आला, तर पाल्यावर विसंबू नका. दुसरी, घरातील वडील मंडळींकडून दहा तणांची नावे आणि उपयोग एका वहीत लिहून घ्या, आणि शक्य तर शेजारी वाळलेले पान चिकटवा. आणि तिसरी, वाडीचा एखादा कोपरा, निदान एक बांध, तणनाशकावाचून राहू द्या.

आरंभी ज्या गृहस्थांची हकिकत सांगितली, ते समोर बसलेले दिसत आहेत. त्यांना एवढेच सांगतो की, वाडीतले तण काढलेच पाहिजे, नाही तर केळी कशी पोसणार? परंतु उपटण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे. ते नाव ठाऊक असलेले कोणी आज घरात असेल. पुढच्या वर्षी असेलच असे नाही.